वॉरंटी संपल्यानंतरचा संगणक

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत घरचा संगणक ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. नारायणगावच्या बाजारातल्या टोमॅटोच्या पट्ट्या, मंचर-ओतूरला गेलेल्या कांद्याचा हिशेब, विघ्नहर किंवा भीमाशंकर साखर कारखान्याला घातलेल्या उसाच्या नोंदी, सातबाऱ्याच्या प्रती, पीकविम्याचे अर्ज, मुलांचा अभ्यास आणि घरातल्या लग्नांचे फोटो असं सगळं त्यात साठलेलं असतं. या शतकाच्या सुरुवातीला एमएस-सीआयटी हा संगणकाचा प्राथमिक अभ्यासक्रम सुरू झाला, बाजारपेठेच्या गावांतून संगणकवर्ग निघाले आणि त्यानंतरच्या काळात अनेक घरांत पहिला संगणक आला. त्यातले कितीतरी आज तिसऱ्या-चौथ्या वापरकर्त्याच्या हाताखाली आहेत.

असा संगणक बंद पडतो तेव्हा बहुधा त्याची वॉरंटी संपलेली असते. कंपनीला फोन केला तर पुण्याच्या सेवाकेंद्राचा पत्ता मिळतो. नारायणगावहून पुणं सुमारे पाऊणशे किलोमीटर, जुन्नरहून त्याहून जास्त. एवढं अंतर यंत्र नेऊन तपासणीचेच पैसे भरायचे म्हटल्यावर माणूस कंटाळतो. मग संगणक माळ्यावर जातो, नाहीतर हप्त्यावर नवा येतो. बऱ्याचदा या दोन्हींची गरज नसते. वॉरंटी म्हणजे ठरावीक मुदतीत यंत्र बिघडलं तर कंपनी काय करील याचा करार. यंत्र किती वर्षं चालेल हे तो करार सांगत नाही. ते ठरतं घरातली वीज, धूळ, ओल आणि आपण वेळेवर केलेली देखभाल यांवर. म्हणून या प्रकरणात बंद पडलेल्या संगणकापुढे कोणत्या क्रमाने काय करायचं ते पाहू.

आधी कागद काढा

'वॉरंटी संपली' हे वाक्य तपासून घ्यायला हवं. ब्रँडेड संगणकाला किंवा लॅपटॉपला बहुधा संपूर्ण यंत्राची एकच मुदत असते. दुकानदाराने सुटे भाग जोडून तयार केलेल्या, म्हणजे असेंबल केलेल्या संगणकाचं तसं नसतं. त्यातल्या प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी. डब्यातून आलेल्या प्रोसेसरला बहुतेकदा तीन वर्षं, हार्ड डिस्कला दोन ते पाच वर्षं, आणि रॅमला अनेक कंपन्या दहा वर्षं किंवा त्याहून अधिक मुदत देतात. दुकानदाराची एक वर्षाची सेवा संपली म्हणून रॅमची वॉरंटी संपत नाही. भागावरच्या चिकटपट्टीवर अनुक्रमांक छापलेला असतो. तो कंपनीच्या संकेतस्थळावर घातला की बऱ्याचदा उरलेली मुदत दिसते. अट एकच, बिल जपलेलं हवं. थर्मल कागदावरचं बिल दोन-तीन वर्षांत पांढरं पडतं, म्हणून खरेदीच्या दिवशीच त्याचा फोटो काढून ठेवावा.

कायद्याचा आधारही माहीत असावा. ग्राहक चळवळीचं एक मोठं केंद्र आपल्याच जिल्ह्यात होतं. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची सुरुवात केली. पुढे १९८६मध्ये देशाला ग्राहक संरक्षण कायदा मिळाला. आज लागू आहे तो २०१९चा कायदा, आणि तो २० जुलै २०२०पासून अमलात आला. कंपनीचं कार्यालय बंगळुरूत असो की दिल्लीत, ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करण्याची मुभा या कायद्याने दिली. म्हणजे घोडेगावच्या किंवा ओतूरच्या ग्राहकाला पुणे जिल्ह्याच्या आयोगापुढे दाद मागता येते. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल करावी लागते. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहावा. वॉरंटीत असताना नोंदवलेला दोष कंपनीने मुदत संपेपर्यंत रखडवला असेल, तर मुदत संपल्याचं कारण मुकाट मान्य करू नये. त्यासाठी तक्रारीचा क्रमांक आणि तारीख लिहून ठेवण्याची सवय उपयोगी पडते.

माहिती वाचवा, मग यंत्र

दुरुस्तीला देण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारायचा: आतल्या माहितीची दुसरी प्रत कुठे आहे? नसेल तर पहिलं काम तेच. मदरबोर्ड जळला तरी हार्ड डिस्क बहुतेक वेळा शाबूत असते. ती काढून यूएसबीला जोडणाऱ्या साध्या केबलने दुसऱ्या संगणकावर वाचता येते, आणि गावातला कुठलाही जाणता मेकॅनिक हे काम करून देतो.

मात्र डिस्कमधून लयीत 'कट-कट' आवाज येत असेल तर संगणक तत्काळ बंद करावा. हार्ड डिस्कच्या तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात आणि वाचणारं टोक त्यांच्यापासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असतं. ते टोक बिघडलं असताना यंत्र पुन्हा पुन्हा चालू केलं, तर तबकडीवरचा थर खरवडला जातो आणि जे वाचलं असतं तेही जातं. अशी डिस्क माहिती परत मिळवणाऱ्या तज्ज्ञाकडेच द्यावी. ते काम महाग असतं, म्हणून हिशेब आणि फोटो यांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर आणि एक प्रत घराबाहेर, नातेवाइकाकडे किंवा इंटरनेटवरच्या साठवणीत ठेवणं स्वस्त पडतं.

नव्या लॅपटॉपमध्ये आणखी एक गोष्ट तपासावी. अनेक यंत्रांत डिस्क विंडोजच्या बिटलॉकर या सोयीने कुलूपबंद असते. मदरबोर्ड बदलला की ती ४८ अंकी किल्ली मागते. ही किल्ली बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा असते. यंत्र चालू आहे तोवर ती वहीत उतरवून ठेवावी. किल्ली हरवली तर कंपनीलाही ती डिस्क उघडता येत नाही.

रोगाचं मूळ विजेत

संगणकाचे भाग १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या एकदिश विजेवर चालतात. घरातल्या २३० व्होल्टच्या प्रत्यावर्ती विजेचं असं रूपांतर करणारी पेटी म्हणजे एसएमपीएस. येणारी वीज ती आधी एकदिश करते आणि तेव्हा आतल्या धारित्रांवर सुमारे ३२५ व्होल्टचा दाब साठतो. म्हणून एसएमपीएसची पेटी घरी कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही तो दाब काही काळ आत राहू शकतो.

या दोन तालुक्यांत घरं दोन प्रकारची. गावठाणातली आणि शेतातल्या वस्तीवरची. कुकडी आणि घोड नद्यांवरच्या धरणांमुळे बागायत वाढली, पंप वाढले, आणि वस्तीवरची अनेक घरं पंपांच्या जवळच्याच वाहिन्यांवर आली. शेतीपंपांची वीज आली की एकाच वेळी कितीतरी मोटारी सुरू होतात. सुरू होताना मोटार तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या कित्येक पट प्रवाह ओढते, त्यामुळे दाब क्षणभर खाली बसतो. मोटारी एकदम बंद झाल्या की तो उसळतो. बल्ब मिचमिचतो एवढंच आपल्याला दिसतं, पण एसएमपीएस हे चढउतार दिवसातून अनेकदा सोसत असतो.

त्यावर मे महिन्यातला वळीव. वीज घरावरच पडायला लागत नाही. दूर तारांजवळ पडली तरी तिची लाट तारांतून घरात येते. ती केवळ विजेच्या तारेने येते असंही नाही. तांब्याची टेलिफोनची किंवा केबलची तार राउटरला जोडलेली असेल तर तिथूनही ती शिरते आणि नेटवर्कचा भाग जाळते. आकाश गडगडू लागलं की बटण बंद करणं पुरेसं नाही, प्लग उपटावा आणि तांब्याची तारही काढावी. काचेच्या फायबरमधून वीज वाहत नाही, पण त्याच्या मोडेमचा विजेचा प्लग मात्र काढायला हवा.

स्पाइक गार्ड लावला म्हणजे काम झालं असं अनेकांना वाटतं. त्यात लाट शोषणारा एक छोटा घटक असतो. प्रत्येक मोठ्या लाटेबरोबर त्याची ताकद कमी होते आणि तो निकामी झाला तरी पट्टीवरचा लाल दिवा जळतच राहतो. शिवाय लाट जमिनीत सोडायला चांगलं अर्थिंग लागतं, आणि नेमकं तेच अनेक घरांत नसतं.

अर्थिंग नसल्याची खूण सहज ओळखता येते. संगणकाच्या लोखंडी कॅबिनेटला उघडा हात लागला की झिणझिण्या येतात. एसएमपीएसमध्ये विजेच्या दोन्ही तारांपासून पेटीच्या अंगापर्यंत दोन लहान धारित्रं जोडलेली असतात. अर्थिंग असेल तर त्यांच्यातून झिरपणारा अगदी थोडा प्रवाह जमिनीत जातो. नसेल तर कॅबिनेटवर जवळजवळ निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब येऊन थांबतो. प्रवाह फार लहान असल्याने सहसा इजा होत नाही, पण ती सूचना समजावी. जोराचा झटका बसला तर गोष्ट वेगळी आहे. तेव्हा प्लग काढून आधी वायरमनला बोलवावं.

आंबेगाव आणि जुन्नरच्या पूर्वेकडच्या कोरड्या पट्ट्यात उन्हाळ्यात जमीन इतकी सुकते की चांगलं अर्थिंगही दुबळं होतं. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ असतं, त्याला ओल लागते. मार्च ते जून अधूनमधून त्यात पाणी घालावं. नव्या संगणकाला तीस-चाळीस हजार लागतात, त्या मानाने अर्थिंगचा खर्च फार कमी आहे. तो पंखा, फ्रीज आणि माणूस या सगळ्यांनाच वाचवतो.

वीज गेल्यावर काही वेळ बॅटरीवर संगणक चालू ठेवणारा यूपीएसही या भागात आवश्यक समजावा. त्यातली १२ व्होल्टची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत बसते. वीज जाताच संगणक बंद पडू लागला तर यूपीएस फेकू नये, बॅटरी बदलावी.

लक्षणांवरून दोष

आता यंत्राकडे वळू. मेकॅनिक जी चाचणी पहिल्या दहा मिनिटांत करतो तिचा बराच भाग घरच्या माणसालाही कळू शकतो.

काहीच होत नाही, पंखाही फिरत नाही: आधी भिंतीवरच्या त्याच प्लगात दुसरं काही चालतं का ते पाहा, मग केबल बदला, मग यूपीएस बाजूला काढून थेट जोडा. तरीही संगणक मुका असेल तर संशय एसएमपीएसवर. सर्वाधिक ताण सोसणारा हाच भाग आहे आणि तो संपूर्ण बदलता येतो.

पंखा फिरतो, पण पडद्यावर काही येत नाही, कधी बीप-बीप आवाज येतो: बहुतेकदा रॅमच्या पट्टीवरच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसलेला असतो. प्लग काढून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज घालवावी, पट्टी काढावी, पट्ट्या स्वच्छ खोडरबराने हलक्या हाताने पुसून पुन्हा घट्ट बसवावी. भीमाशंकरच्या बाजूच्या पावसाळी गावांत हा त्रास अधिक दिसतो, कारण महिनोन्‌महिने हवेत ओल असते. तिथे पावसाळ्यात संगणक रोज थोडा वेळ तरी चालू ठेवावा. त्याची स्वतःची ऊब आतली ओल घालवते.

चालू होतो आणि काही मिनिटांत बंद पडतो: हे उष्णतेचं लक्षण. प्रोसेसरचं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं की तो आधी मंदावतो आणि मग स्वतःला वाचवायला यंत्र बंद करतो. पंख्यात धूळ साचलेली असते किंवा प्रोसेसर आणि त्यावरच्या धातूच्या पंखांमधला थर्मल पेस्ट वाळून कडक झालेला असतो. कांद्याची चाळ किंवा धान्य जवळ असलेल्या खोलीत हे लवकर होतं. वर्षातून एकदा साफसफाई आणि काही वर्षांनी नवा पेस्ट, एवढ्याने बहुतेक यंत्रं पुन्हा शांतपणे चालतात.

तारीख दरवेळी मागे जाते आणि बँकेचं किंवा भूलेखाचं संकेतस्थळ 'असुरक्षित' म्हणून उघडत नाही: मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपलेली आहे. तिचा क्रमांक सीआर२०३२, दाब ३ व्होल्ट. सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रं तारखेवर तपासली जातात. संगणकाला आज २०१५ साल वाटत असेल तर तो आजचं प्रमाणपत्र नाकारतो. घड्याळाच्या दुकानात मिळणाऱ्या या बॅटरीने बरा होणारा संगणक 'नेट खराब' म्हणून अनेक घरांत पडून असतो.

मदरबोर्डवरची दंडगोल धारित्रं वरून फुगलेली दिसतात: १९९९ ते २००७च्या सुमारास जगभर सदोष धारित्रं वापरली गेली आणि लाखो मदरबोर्ड अकाली बिघडले. जुन्या यंत्रांत हा दोष आजही दिसतो. डागकाम येणारा कारागीर ती धारित्रं बदलू शकतो. संपूर्ण मदरबोर्ड टाकायची गरज नसते.

मेकॅनिककडे जाताना

नारायणगाव, मंचर, जुन्नर, ओतूर, आळेफाटा अशा गावांतून भाग बदलून देणारे मेकॅनिक मिळतात. मदरबोर्डवरचा सुटा घटक शोधून बदलण्याचं, म्हणजे त्यांच्या भाषेत चिप लेव्हलचं काम बऱ्याचदा पुण्याला पाठवावं लागतं. बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आणि तिचा परिसर हा पुण्याचा इलेक्ट्रॉनिक्सचा जुना बाजार. तिथे सुटे घटकही मिळतात.

काम देताना चार गोष्टी ठरवून घ्याव्यात. तपासणीचे पैसे किती आणि दुरुस्ती केली तर ते एकूण बिलातून वजा होणार का. अंदाजे खर्च लिहून मिळणार का. बदललेला भाग नवा की वापरलेला, आणि त्यावर किती दिवसांची हमी. काढलेला जुना भाग परत मिळणार का. चांगला मेकॅनिक या प्रश्नांनी रागावत नाही. आणि त्याच्या ज्ञानाचे पैसे देताना आपणही घासाघीस करू नये. धूळ पुसून दोष सापडला तरी तो त्याच्या अनुभवाने सापडलेला असतो.

दुरुस्ती करायची की नाही, याचा ढोबळ नियम असा: तेवढ्याच क्षमतेचा, हमी असलेला वापरलेला संगणक जेवढ्याला मिळतो त्याच्या निम्म्यापेक्षा दुरुस्तीचा खर्च जास्त होत असेल तर थांबून विचार करावा. त्याहून कमी असेल तर दुरुस्तीच योग्य.

ही केवळ घरच्या बचतीची गोष्ट राहिलेली नाही. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१पासून लॅपटॉप, मोबाइल अशा वस्तूंवर त्या किती दुरुस्त करण्याजोग्या आहेत याचा निर्देशांक छापावा लागू लागला. भारत सरकारने २४ डिसेंबर २०२२ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, 'राइट टू रिपेअर'चं संकेतस्थळ सुरू केलं. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती, सुट्या भागांची किंमत आणि वॉरंटी तिथे द्यावी, हा त्यामागचा हेतू. संगणक विकत घेण्यापूर्वीच ही माहिती पाहिली तर वॉरंटीनंतरचा त्रास निम्मा कमी होईल.

जुन्या सांगाड्यात नवं काम

चालू असलेला, पण अतिशय मंद झालेला संगणक हाही लोक बिघडलेलाच समजतात. बहुतेक ठिकाणी अडथळा फिरत्या हार्ड डिस्कचा असतो. तिच्या जागी फिरते भाग नसलेली एसएसडी बसवली आणि रॅम ८ जीबीपर्यंत वाढवली, की दहा वर्षांचं यंत्रही लेखन, हिशेब आणि इंटरनेट यांसाठी चपळ होतं.

प्रश्न उरतो प्रणालीचा. विंडोज १०चा नियमित मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि साधारण २०१८च्या आधीच्या बहुतेक प्रोसेसरांना विंडोज ११ स्वीकारत नाही. अशा यंत्रावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू विनामूल्य बसवता येते. युनिकोड मराठी त्यात उत्तम लिहिता येते. मात्र टॅलीचे हिशेब, श्रीलिपी फॉन्टांतली जुनी कागदपत्रं किंवा अंगठ्याचा ठसा घेणारं यंत्र यांवर काम चालत असेल तर ते विंडोजवर अवलंबून असतं, म्हणून बदलाआधी आपली नेमकी कामं तपासून घ्यावीत.

यंत्र टिकवून आतले भाग बदलण्याचा सर्वांत मोठा दाखला जुन्नर तालुक्यातच उभा आहे. नारायणगावजवळ खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची जीएमआरटी ही महाकाय दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या आहेत. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. तबकडीचा पृष्ठभाग भरीव पत्र्याचा न करता पोलादी तारांच्या जाळीचा केला, त्यामुळे वारा आरपार जातो, वजन घटतं आणि खर्चही आवाक्यात राहिला. नव्या शतकाच्या आरंभी ती जगभरच्या शास्त्रज्ञांना खुली झाली.

काही वर्षांत इलेक्ट्रॉनिक्स बरंच पुढे गेलं. तेव्हा शास्त्रज्ञांनी तबकड्या तशाच ठेवून रेडिओलहरी टिपणारी यंत्रणा, प्रकाशतंतूंची जोडणी आणि संकेत हाताळणारे संगणक बदलले. एका वेळी ३२ मेगाहर्ट्झचा पट्टा टिपणारी दुर्बीण ४०० मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा टिपू लागली. जुन्याच तबकड्यांनी तिला पुन्हा जगातल्या अग्रगण्य दुर्बिणींत बसवलं. जे चांगलं आहे ते राखायचं आणि जे मागे पडलं तेवढंच बदलायचं, हा विचार घरच्या संगणकालाही तंतोतंत लागू पडतो. दरवर्षी विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन भरतं. मुलांना तिथे न्यावं आणि हा विचारही त्यांना सांगावा.

खरोखर संपला तेव्हा

काही यंत्रं दुरुस्तीपलीकडे जातात. २०२२मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला आणि त्यातल्या एक चतुर्थांशाहून कमी कचऱ्याचीच रीतसर पुनर्प्रक्रिया झाल्याची नोंद आहे. संगणकात तांबं आणि थोडं सोनं असतं, तसं शिसंही असतं. तांब्यासाठी तारा उघड्यावर जाळल्या की विषारी धूर निघतो आणि शिसं मातीत जातं. ती माती शेवटी विहिरीला आणि पिकाला भिडते. १ एप्रिल २०२३पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार तो नोंदणीकृत पुनर्प्रक्रियाकाकडे पोहोचवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणून कंपनीच्या संकलन केंद्राची चौकशी करावी किंवा गावाने, शाळेने मिळून एकदाच गोळा करून तो पाठवावा. देण्याआधी डिस्क काढून घ्यावी. चालू स्थितीतले रॅम, एसएमपीएस, मॉनिटर मेकॅनिकला द्यावेत, ते कुणाच्या तरी यंत्राला लागतील.

वाचकांना एवढंच सांगणं आहे. या आठवड्यात तीन कामं करा. बिल आणि अनुक्रमांक यांचा फोटो काढून ठेवा, हिशेब आणि फोटोंची दुसरी प्रत करा, आणि वायरमनला बोलावून घराचं अर्थिंग तपासून घ्या. संगणक चालू असताना केलेली ही तीन कामं कुठल्याही वाढीव वॉरंटीपेक्षा जास्त उपयोगी पडतात.